अळणी ताट आणि ब्रोमाइडची बाटली

“डाक्टरसाब, ही बाटली घ्या वापस आन् माझी पोरगी द्या मला!”

कौसाबाईंनी अर्धी भरलेली बाटली माझ्या टेबलावर आदळली. पोरगी शेजारीच उभी होती. सुंदरा, वय आठ-नऊ. पापण्या जड, गालांवर पुटकुळ्या, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. मी नाव विचारलं, तर नुसती बघत राहिली.

निजामाच्या राज्यातला तो काळ. अंबडच्या दवाखान्यात मी नवाच होतो. माझं नाव हैदराबादपर्यंत गाजतंय, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते अंबडच्या वेशीपाशीच दमून बसायचं.

घनसावंगीकडच्या शेतकऱ्याची ही लेक. एकाएकी भडकायची, भिंतीवर डोकं आपटायची, स्वतःचेच हात चावायची. अशा मुलांसाठी आमच्या कपाटात मुख्य औषध एकच, ब्रोमाइड. ते मेंदूची धावपळ मंदावतं. पाण्यात विरघळवून त्याचं मिक्श्चर द्यायचं. त्यानं सुंदराचं आपटणं थांबलं होतं, म्हणून मी खूष होतो.

“आता आपटत नाही ना?” मी विचारलं.

“आपटत न्हाई. बोलत बी न्हाई. आधी गोठ्यातून वरडायची, ‘माय, हे बघ, माय, ते बघ.’ कान किटायचे माझे. आता मीच हाका मारून राह्यले. समोर बसल्या पोरीची याद येती, साब. असं कुठं असतंय का?”

औषध बंद केलं तर डोकं फुटणार, चालू ठेवलं तर पोरगी अशीच राहणार.

आधी डोस तपासला. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवलेली असते, एक खूण म्हणजे एक डोस. हिशेब बरोबर होता. लक्षणं मात्र जादा औषधाची! मी विचारात पडलो, आणि विचारात पडलो की मला भूक लागते. खणातून खारे शेंगदाणे काढले, चार सुंदरापुढे धरले.

कौसाबाईंनी झडप घालून माझा हात मागे लोटला.

“मिठाचं न्हाई चालत तिला! जांबच्या रामाला नवस बोललेय. बरी होईस्तोवर पोरीला अळणीच.”

मी खुर्चीतून असा उडालो की शेंगदाणे खोलीभर झाले. मीठ आणि ब्रोमाइड शरीरात एकाच जागेचे भाडेकरू. मीठ गेलं की ब्रोमाइड पाय पसरून बसतं, बाहेर पडता पडत नाही. योग्य डोसही मग साचून जादा होतो.

“बाई, आजपासून बाटली बंद. तिला मीठ द्या, पाणी भरपूर पाजा.”

“आन् नवस?”

“तिच्याऐवजी तुम्ही सोडा मीठ.”

“चालंल का?”

“रामाला विचारा.”

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणाल्या, “‘न्हाई’ तर म्हनला न्हाई. मंग चालतंय.”

पुढच्या खेपेला कौसाबाई दारातूनच ओरडल्या, “साब, शिव्या देऊन राह्यली!” इतक्या आनंदानं कुणी लेकीच्या शिव्या सांगितलेल्या मी ऐकल्या नाहीत. भडकणंही थोडं परतलं होतं. मी डोस बराच कमी करून पुन्हा सुरू केला. राग पूर्ण गेला नाही, पण भिंतीपर्यंत पोहोचेनासा झाला.

पुढे एकदा त्या बाजूला गेलो, तेव्हा त्यांनी जेवायला बसवलं. कौसाबाईंचं ताट अजून अळणीच होतं. “पुरी बरी कुठं झाली अजून?” त्या म्हणाल्या. पिठलं त्यांनी चाखलं नव्हतं, चाखणार कसं? सुंदरानं बोट बुडवलं, चाटलं, आणि चुलीपाशी बसून हुकूम सोडला, “माय, अजून चिमूटभर!” कौसाबाईंनी मीठ घातलं, आणि ऐकू आलं नाही असं दाखवून तिच्याकडून तेच पुन्हा म्हणवून घेतलं.

तेव्हापासून मी नाडीच्या आधी ताटाची चौकशी करतो. पेशंटांना वाटतं, डॉक्टर जेवणाचं आमंत्रण मागतोय. तेही अगदीच खोटं नाही.