पत्र्याची नाव, फळीची नाव आणि मी

नाव मी बुडवली नाही.

हे आधीच सांगते, कारण मंगरूळपीरमध्ये माझ्या दुकानात ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई हल्ली मापाची फीत अंगाभोवती असतानाच विचारते, "काकू, धरणात बुडाल्या त्या तुमीच का?" बुडाले म्हणजे काय? मी पाण्यात पडले. पडणं वेगळं आणि बुडणं वेगळं. (माझ्या पाठीला पाच-पाच लिटरचे दोन रिकामे तेलाचे डबे बांधलेले होते. त्या अवस्थेत कोणीही बुडून दाखवावं.) पण लोकांना तपशिलाची आवड नसते, लोकांना बुडालेली बाई हवी असते.

सगळं सुरू झालं माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या भाजीवरून. कमलताईंचं गाव धरणाच्या या काठाला आणि भाजीचा मळा त्या काठाला. मळ्यातून हाक मारली तर घरी ऐकू येते, पण रस्त्यानं जायचं तर अकरा किलोमीटरचा वळसा. माझ्या भासऱ्यांचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे, गुडघे गेलेले, त्यामुळे मळा कमलताईंच्याच अंगावर. कोणा मासेमाऱ्याची होडी मोकळी असली तर त्या स्वतः वल्हवत जायच्या आणि वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन यायच्या. दुपारी माझ्याकडे आल्या की खांद्याला तेल चोळत बसायच्या. इंजिन लावावं तर धरणात त्याची परवानगी नाही.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ दिलीप कोकणातून परत आला आणि आमच्याकडेच उतरला. तिथे तो तीन वर्षं एका किनाऱ्यावर पर्यटकांना शिडाच्या नावेतून फिरवत होता. आमच्याकडे ज्यानं समुद्र नुसता पाहिला त्यालासुद्धा लोक खुर्ची देतात. हा तर समुद्रावर पगार घेऊन आलेला. त्यानं कमलताईंच्या ओट्यावर बसून सांगितलं, "दोन अरुंद नावा घ्यायच्या. मधात जागा सोडून फळ्यायनं जोडायच्या. वर शीड. त्याले कॅटमरान म्हनते. वारा फुकट, अन् उलटत नाई."

"दोन कायले?" माझे यजमान म्हणाले. त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात. "एकच बनवा ना, धड."

"भाऊजी, एका पायावर उभे राहा बरं."

हे उभे राहिले. दिलीपनं एका बोटानं ढकललं आणि हे कांद्याच्या टोपल्यात बसले.

"आता दोन पाय फाकवून उभे राहा."

"समजलं," हे कांदे झटकत म्हणाले. "समजलं म्हटलं ना."

समजलं ते ठीक, पण वहिनीसमोर समजलं हे वाईट झालं. परत येताना मोटरसायकल खड्ड्यांतून तशीच हाणली. घर आल्यावर गाडी लावता लावता म्हणाले, "जोडनाव मी बनवतो. पत्र्याची. तुहा भाऊ प्लायवूडची बनवन, अन् पहिल्या बगळ्यानं चोच मारली का खलास."

हे दिलीपला कळायला किती वेळ लागला असेल? तो आमच्या आधीच पोहोचून मागच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "ठीक आहे. दोन्ही बनवू. वहिनी पाहतीन अन् निवडतीन."

मग महिनाभर वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकला जात होता आणि माझ्या अंगणात प्लायवूडवर कसलंसं चिकट रसायन फासलं जात होतं. त्या वासानं मोलकरणीनं काम सोडलं. आणि दोघांचीही शिडं शिवायची कोणी? मीच. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. म्हणून दोघांनी मला पंचही नेमलं, कारण माझ्याइतकी निष्पक्ष बाई दुसरी मिळणार नाही, असं दोघं म्हणाले. मला तेव्हा फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी दोनशे पानी वही आणली. त्यात तीन रकाने आखले: वजन, वळण, मजबुती.

शिडाची मापं सांगताना दिलीप म्हणाला, "ताई, कापड सपाट ठेवू नको. थोडं पोट ठेव. पोटात वारा भरते."

बावीस वर्षं मी लोकांची पोटं झाकायचं काम करते आहे. टक घेऊन, कळी काढून, अस्तर लावून. आणि हा मला सांगतो, पोट ठेव. तरी ठेवलं. दोन्ही शिडांना सारखं पोट ठेवलं, एक सूतही इकडचं तिकडे नाही. याबद्दल मला आजपर्यंत कोणी शाबासकी दिलेली नाही.

वजनाची परीक्षा सोयाबीनच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे झाली. हमीदभाई त्यांचं नाव. त्यांनी दिलीपची नाव पोत्यांच्या काट्यावर ठेवली. बहात्तर किलो. यांची नाव उचलायला सहा हमाल लागले आणि ती काट्यावर मावेना, म्हणून एकेक भाग सुटा करून मोजला. एकूण दोनशे चाळीस.

हमीदभाईंनी पत्र्यावर बोट फिरवलं, रंग अजून ओला होता. "वजन बराबर है," ते ओल्या सोयाबीनचं वजन कापताना असतात तितक्या गंभीरपणे म्हणाले, "पन ओलावा कापा लागन."

"वजन म्हंजे मजबुती," हे म्हणाले.

"वजन म्हंजे वजन," दिलीप म्हणाला.

मी वहीत दोन्ही मतं लिहून घेतली.

मजबुतीची परीक्षा धरणाच्या काठावर, सगळ्या गावासमोर. यांनी खिशातून हातोडी काढली आणि स्वतःच्या नावेवर एक दणका दिला. मंदिरातल्या घंटेसारखा आवाज घुमला, पत्र्याला थोडा पोचा आला, बाकी काही नाही. मग ते दिलीपच्या नावेकडे वळले. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी पाहिला नव्हता. दणका बसला आणि फळीला तडा गेला.

"नावेले हातोडीनं कोन मारते, भाऊजी?" दिलीपचा आवाज चिरकला. "पाण्यात कोन हातोडी घेऊन बसलं आहे?"

"दगड असते पाण्यात."

"दगड येऊन मारते का?"

तासाभरात तडा बुजवून, वाळवून फळी तयार झाली. दिलीपनं ते मला मुद्दाम दाखवलं. "लिही ताई, दुरुस्ती घरच्या घरी." मी लिहिलं. "लिही, माह्या नावेले दुरुस्तीच लागली नाई," हे म्हणाले. तेही लिहिलं. कमलताई एका दगडावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

आता उरलं वळण. प्रत्येकानं मळ्यापर्यंत जायचं, तिथून दोन टोपली भाजी घेऊन परत यायचं, आणि सोबत पंच म्हणून मी. मला पोहता येत नाही हे मी सांगितलं, तर त्यावर उपाय म्हणून ते तेलाचे डबे पाठीला बांधले गेले. सहावारी साडी, पाठीवर दोन पिवळे डबे, काखेत वही. काठावर फोटो काढणाऱ्यांची मला नावं माहीत आहेत.

पहिली फेरी दिलीपची. ती नाव चालत नव्हती, उडत होती. आणि मी पंच म्हणून बसले आहे हा माझा समज पहिल्या मिनिटात दूर झाला.

"ताई, इकडं सरक. लवकर."

सरकले.

"आता तिकडं. तिकडची बाजू उचलून राह्यली."

पुन्हा सरकले. मग माझ्या लक्षात आलं की हा माझ्या सख्ख्या आईचा मुलगा मला वजन म्हणून वापरतो आहे. नाव हलकी, वारा जोराचा, आणि तोल सांभाळायला सुनंदाताई.

"मी पंच आहे," मी म्हटलं.

"हो, पण तिकडं बसून पंच राहा."

जाऊन येऊन पंचवीस मिनिटं लागली. वळणं अशी घेतली की एक टोपलं वांगी पाण्यात गेली. वहीत मी लिहिलं: वळण उत्तम, वांगी शून्य. काठावर उतरले आणि तिथेच खाली बसले. कमलताईंनी उरलेलं टोपलं उतरवून घेतलं आणि मला पाणी दिलं.

दुसरी फेरी यांची. पत्र्याची नाव पाण्यात सरकवायला पुन्हा गावकरी लागले, पण एकदा तरंगल्यावर खरं सांगते, तिच्यासारखी शांत नाव नाही. हलणं नाही, कलणं नाही. मी मांडी घालून बसले, वही मांडीवर. मळ्यापर्यंत अशी गेली की जणू ओसरीच निघाली आहे फिरायला. सांभाराच्या जुड्या भरल्या. एकही पडली नाही. हे काठाकडे पाहत एवढंच म्हणाले, "पायलं?"

परत येताना वारा समोरून होता, त्यामुळे नागमोडी यायचं होतं. हे उजवीकडे चांगले गेले. मग डावीकडे वळवायला सुकाणू फिरवलं. नाव वळली नाही. अर्ध्यात तोंड वाऱ्याकडे करून थांबली, शीड फडफडलं, आणि ती हळूहळू मागे जायला लागली.

"वळवा ना," मी म्हटलं.

"वळवूनच राह्यलो."

"मंग वळत काहून नाई?"

"तुहं शीड बरोबर नाई."

इथे माझं डोकं फिरलं. नाव तुमची, पत्रा तुमचा, दोनशे चाळीस किलो तुमचे, आणि दोष शिडाचा? त्याच मापाचं शीड अर्ध्या तासापूर्वी दिलीपनं कसं वळवलं? मी हे सगळं बोलून दाखवलं. पाण्यावरून आवाज फार लांब जातो हे मला नंतर कळलं. काठावरच्या लोकांनी सगळं ऐकलं.

"चूप बस अन् मागं जाऊन बस," हे म्हणाले. "समोरचं वजन कमी झालं तं वळन."

पुन्हा वजन! नवरा काय आणि भाऊ काय, या दोघांना माझ्यात दुसरं काही दिसलंच नाही. रागानं मी मागच्या टोकाला जाऊन बसले. आणि तिथे डाव्या नावेच्या बुडख्याशी, पाण्याला टेकलेल्या एका भोकात, मला जांभळं कापड दिसलं.

साधं कापड नाही. जरीच्या काठाचा सुती खण. बँकेतल्या मॅडमचा. तो आठ दिवसांपासून सापडत नव्हता. त्या दोनदा येऊन गेल्या होत्या आणि मी दोन्ही वेळा "शिवून तयार आहे, फक्त हुक लावायचे राहिले" असं सांगितलं होतं.

"अहो, हे काय?"

"बूच आहे, आतलं पाणी काढाच्या भोकाचं. रबरी आलं नाई अजून. हात लावू नको."

"हा गिऱ्हाइकाचा खण आहे."

"सुनंदा, हात लावू नको."

त्या घटकेला माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एकीकडे धरण, दुसरीकडे दुकानाची अब्रू. मी खण ओढला.

पुढचं फार सावकाश झालं, हेच त्यातलं वाईट. गुड, गुड, गुड असा आवाज यायला लागला. हे धावत मागे आले, त्यांच्या वजनानं भोक आणखी खाली गेलं. डावी नाव भरत गेली, उजवी वर उठत गेली, आणि आम्ही दोघं नवरा-बायको घसरगुंडीवरून उतरावं तसे पाण्यात उतरलो. हे पोहणारे, ते पोहले. मी डब्यांवर तरंगले, आभाळाकडे तोंड करून, छातीवर जांभळा खण धरून. भोवती सांभाराच्या जुड्या. वही कुठे गेली ते कळलं नाही.

"सुनंदा, हात दे," हे म्हणाले. आवाज इतका घाबरलेला होता की मी रागावायचं विसरले.

"आधी खण घ्या," मी म्हटलं, "मंग मले घ्या."

दिलीप त्याच्या नावेतून आला. आधी मला ओढून घेतलं, मग यांना. येताना मध्येच हे दिलीपला म्हणाले, "चांगली चालते रे." दिलीप म्हणाला, "तुमची बसाले चांगली होती, भाऊजी." त्यानंतर दोघांचं भांडण झालेलं मी पाहिलेलं नाही. मी मात्र मध्ये बसून कुडकुडत होते, माझी चौकशी अजून व्हायची होती.

काठावर कमलताई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मला गुंडाळून झाल्यावर त्या दोघांकडे वळल्या.

"मी सकायपासून बसून आहे," त्या म्हणाल्या. "मले कोनं इचारलं का? उन्हाळ्यात पानी आटते. काठ लांब जाते. मंग चिखलातून नाव कोन ओढते? मीच ओढतो ना? मले थे हलकी पायजे. मी एकटी ओढून पायली, पत्र्याची पान्यात होती तवा."

"अन् वांगे पडले ते?" यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"दिलीपभाऊ घाई करते म्हनून पडले. मी कायले घाई करू?"

संपलं. महिनाभराचं काम, हमाल, हातोडी, माझी दोनशे पानी वही, आणि निकाल लागला दोन मिनिटांत, तोही पंचाला न विचारता. पुढच्या आठवड्यात यांनी स्वतःच्या हातानं दिलीपच्या नावेला लोखंडी कठडा बसवून दिला, म्हणजे टोपली पडणार नाहीत. कमलताई आता रोज त्याच नावेतून जातात. खांद्याला तेल लावायला येत नाहीत, वांगी द्यायला येतात. यांच्या दोन पत्र्याच्या नावा गोठ्यात आहेत, म्हशी त्यातून पाणी पितात.

राहिला तो खण. मी तो घरी आणून तीनदा खळबळला, सावलीत वाळवला, इस्त्री केली आणि एका दिवसात शिवला. मॅडम घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या तेव्हा मी आधी त्यांच्या पिशवीत काही जांभळं दिसतं का ते पाहिलं.

"काकू," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचे माझे सगळे ब्लाऊज पहिल्या धुण्यात आटले. हा मात्र अजिबात नाही आटला."

"कसा आटेल?" मी म्हटलं. "आमच्याकडे कापड आधी पाण्यातून काढून घेतो, मग कापतो."

बावीस वर्षं हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले आहे. खरं त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.