पाच भोंगे आणि मधली खुर्ची

माझी धाकटी जाऊ सुमन अतिशय चांगली बाई आहे, आणि तिची हीच सवय मला सगळ्यात जास्त टोचते.

काही मागायला जावं तर दुप्पट देते. भांडायला जावं तर चहा टाकते. अशा बाईशी माणसाने वैर धरायचं तरी कसं? मी चाळीस वर्षं धरलं आहे, पण ती सगळी माझ्या एकटीची मेहनत. तिचा काडीचा हातभार नाही!

आम्ही धारूरचे. तिचं घर आमच्या समोर, मध्ये फक्त रस्ता. आमच्या मालकांचा (म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नाव मी घेत नाही, लग्नात उखाण्यालासुद्धा खोकल्याचं निमित्त केलं होतं) मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. आसपासच्या गावांत आमच्या भोंग्याशिवाय लग्न लागत नसे. पुढे डीजे आले आणि आमचे भोंगे कोठीत जाऊन पडले. पण मालकांची एक गोष्ट बदलली नाही. दुपारी चारला ते आमच्या ओसरीवर बसून माझ्या हातचा चहा पीत. मंडप अर्धा उभा असला तरी तो सोडून चारला घरी! पन्नास वर्षांत या माणसाने मला साडी स्वतः होऊन आणली नाही, पण हा चारचा चहा कधी चुकवला नाही. मला तेवढं पुरत होतं.

मग सुमनचा मुलगा किरण पुण्याची नोकरी घरूनच करायला म्हणून धारूरला आला, आणि येताना पाच स्पीकर घेऊन आला.

त्यावर तो जुनी इंग्रजी गाणी लावायचा. पन्नास वर्षांपूर्वीची. त्यांना रॉक म्हणतात. ती गाणी म्हणे कुणीतरी नव्याने मोडून पुन्हा बांधली आहेत. ढोल एका स्पीकरात, गिटार दुसऱ्यात, गाणारा समोर, बाकीचे मागे. (आमच्या घराच्या वाटण्या इतक्या सरळ झाल्या असत्या तर बरं झालं असतं.) आणि हे पाचही आवाज खोलीत एकाच जागी नीट भेटतात. तिथे किरणने खुर्ची ठेवली होती. एकच खुर्ची! त्या खुर्चीत रोज कोण बसायचं? आमचे मालक! सुमनचा नवरा दिवसभर दुकानात, किरण कॉम्प्युटरपुढे, आणि सुमन म्हणायची, "भाऊजी, तुमी मधी बसा." बसा म्हणजे? साडेतीनला बसले की साडेपाचला उठायचे. चारचा चहा तिथेच!

"अगं, काय घुमतंय म्हणून सांगू!" घरी येऊन मालक सांगायचे. "गिटार डाव्या कानामागून निघती, डोक्यावरून जाती अन् उजव्या कानापाशी येऊन बसती."

"माशीबी तसंच करती," मी म्हणाले. "त्यासाठी रस्ता ओलांडावा लागत न्हाई."

एकदा मीही गेले. काय ते बघू तरी. खुर्ची मालकांकडे, म्हणून सुमनने मला दाराजवळच्या बाजेवर बसवलं. बाजेशेजारी मागचा स्पीकर. माझ्या वाट्याला तासभर नुसता ढोल आला! मालक डोळे मिटून डोलत होते. सुमनने त्यांच्या हातात चहा दिला, आलं घातलेला. माझ्या चहात मी आलं घालत नाही. ते पीत होते! आणि म्हणत होते, "वा!"

घरी आले आणि ठरवलं. पाच स्पीकर? आपल्या कोठीत अकरा भोंगे आहेत!

मालकांची आणि किरणची अंबाजोगाईला जायची गाठ पडली त्या दिवशी मी डाव साधला. मालकांना डोळे दाखवायचे होते, किरण गाडीने नेणार होता. ते सकाळी गेले आणि मी सुमनच्या दारात.

"सुमन, तो गाण्याचा डबा संध्याकाळपर्यंत दे."

ती नाही म्हणेल अशी माझी पक्की आशा होती. नाही म्हणाली असती तर पुढची दहा वर्षं बोलायला झालं असतं.

"न्या की अक्का, त्यात काय!" ती म्हणाली. "तबकडी कालचीच हाय आत. संग बेसनाचे लाडू नेता का?"

लाडूसुद्धा!

मग मी रशीद मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आमच्या धंद्याच्या तारा आयुष्यभर जोडल्या. डबा उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "भाभी, पाची आवाजाचे पाच रस्ते येगळे हायत. पाच अॅम्प्लिफायर लावले की झालं. पन हे कशापायी करायलाव?"

"तुमी शिडीवर चढा."

अंगणाभोवतीच्या माळवदावर कडेकडेने पाच भोंगे उभे राहिले. रशीदभाईंनी वरून विचारलं, "भाभी, तोंडं कोणीकडं करू?"

"कोणीकडं म्हंजे? लोकांकडं! चाळीस वर्सं काय केलंत?"

"तसंच म्हनतो मी," ते म्हणाले आणि पाचही भोंगे बाहेरच्या बाजूला फिरवून घट्ट केले.

लाईट नव्हती. चारला येते. म्हणून करून बघता आलं नाही. मी अंगण झाडलं, बरोबर मधोमध घरातली हात असलेली खुर्ची मांडली, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर घातली, आणि चहाचं आधण ठेवलं. मालक येतील, खुर्चीत बसतील, चहा पितील, आणि सुमनचं घर कायमचं विसरतील. खुर्ची त्यांच्यासाठीच होती. पण आयुष्यभर सगळं दुसऱ्यांना आधी वाढलं, म्हटलं एकदा आपण आधी बसावं. बसले.

चारला लाईट आली.

मला काहीच ऐकू येईना! वरून कुठूनतरी भुंगे फिरल्यासारखं भुर्र व्हायचं, आणि गावाबाहेरच्या किल्ल्याच्या डोंगरावर आपटून काहीतरी परत यायचं, इतकंच. मला वाटलं, इंग्रजी आहे, सुरू व्हायला वेळ लागत असेल. मी डोळे मिटून मालकांसारखी डोलू लागले.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. गिटारचा भोंगा पिठाच्या गिरणीकडे होता. गिरणीवाल्याने लाईट आली म्हणून गिरणी सुरू केली, किंकाळी ऐकून पट्टा घासतोय म्हणून बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. ढोलाचा भोंगा म्हशींच्या गोठ्याकडे. दोन म्हशी दावं तोडून नदीकडे गेल्या. गाणारा सरळ सुमनच्या दारात ओरडत होता (तो मीच तसा लावायला सांगितला होता, खोटं कशाला बोलू). चौथा किल्ल्याकडे. तिकडून तक्रार आली नाही. आणि पाचवा भोंगा होता खालच्या गल्लीकडे. त्या गाण्यात मागे दोन बाया आहेत. त्या शब्द म्हणत नाहीत. नुसत्या आ... आ... आ... करतात, पोटातून ओढून, गळा काढून. इतर वाद्यांबरोबर ते छान लागतं म्हणे. पण खालच्या गल्लीला इतर वाद्यं गेलीच नव्हती! त्यांना गेला तो नुसता आमच्या घरातून निघालेला बायकांचा आक्रोश. आणि सकाळीच गल्लीतल्या सगळ्यांनी मालकांना गाडीत घालून अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे नेताना बघितलं होतं.

पहिली आली खालच्या गल्लीतली शेवंताबाई. डोक्यावरून पदर, डोळ्याला पदर.

"कवा झालं गं, माय?"

मला वाटलं, गाण्याचं विचारते. "आत्ताच. लाईट आल्याबरूबर."

"लई तरास झाला का?"

"तरास कसला? रशीदभाई वर चढले, दोन तारा जोडल्या की झालं."

"करंट लागून?" शेवंताबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि दारातच बसली.

तिच्यामागून माणसं यायला लागली. दहा, वीस, मग मोजणं सुटलं. पुरुष टोप्या काढून भिंतीला उभे. आता इथे एक सांगायला हवं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. निघेपर्यंत अंगणात बसवलेला असतो. म्हणजे वर आक्रोश चालू, खाली झाडलेलं अंगण, मध्ये पांढरी चादर घातलेली खुर्ची, आणि त्या खुर्चीत मी डोलतेय!

"उठ गं, माय," एक म्हातारी माझ्या दंडाला धरून म्हणाली. "ती त्यांची जागा हाय."

"म्हाईत हाय मला त्यांची हाय!" मी हात झटकला. "ते येईपर्यंत जरा बसू द्या की मला!"

सगळं अंगण हुंदके द्यायला लागलं. "बघा, सोडवंना बिचारीला," कुणीतरी म्हणालं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला, पण तोंड उघडायच्या आत सुमन आली. दारातल्या गर्दीने तिला बातमी सांगितली असणार. रस्ता ओलांडून, अनवाणी, मोकळ्या गळ्याने रडत.

"भाऊजी गंऽऽ! कोण बसंल आता माझ्या घरच्या खुर्चीत!"

काय रडली! शेवंताबाई गप्प झाली तिच्यापुढे. सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून तिचं सांत्वन करू लागली. एक जण तिच्यासाठी पाणी घेऊन आला. माझ्या माठातलं! मला क्षणभर खरंच विसर पडला की मालक जिवंत आहेत. एवढंच मनात आलं, की माझा नवरा मेला, आणि तिथेही हीच पुढे!

"सुमन, गप बस!" मी ओरडले. "रडायचं असंल तर मी रडीन, तुला काय झालं?"

इतक्यात गाडी थांबली. मालकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, सगळं धूसर. त्यांना दिसली गर्दी, खुर्ची, चादर, आणि खुर्चीत बसवलेली मी. त्यांनी टोपी काढली. शेजारच्याला हळूच विचारलं, "कवा गेली हो? सकाळी तर चांगली भांडत होती."

शेजारच्याने वळून बघितलं आणि तो आधी खाली बसला. शेवंताबाई किंचाळली. मालक म्हणाले, "अहो, पन गेलं कोण?"

"तुमी!"

"मी? मी अंबाजोगाईला गेलतो!"

रशीदभाईंनी धावत जाऊन तार ओढली. आक्रोश एकदम थांबला. किरण माळवदाकडे बघत उभा होता. "मोठी आई," तो म्हणाला, "भोंग्याची तोंडं आतमधी पायजेत. तुझ्याकडं."

"आतमधी? मग लोकांला कसं ऐकू जाईल?"

"लोकांसाठी न्हाईच ते. मधी बसलेल्या एकट्या माणसासाठी हाय."

मंडपवाल्याच्या घरात हे कुणाला सुचणार होतं? रशीदभाईंनी खाली मान घातली. मालकांनीही घातली, कारण रोज दोन तास त्या खुर्चीत बसून त्यांनाही स्पीकरची तोंडं कुठे आहेत हे दिसलं नव्हतं.

माणसं पांगली, पण मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून गल्लीतल्या बायांनी तोवर पिठलं-भाकरीचा घाट घातला होता. माणूस मेला नाही म्हणून थापलेली भाकरी पुन्हा डब्यात जाते का? संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर सगळ्या घरांच्या टोपल्या आल्या.

"माज्या मयताचं मीच कसं खाऊ?" मालक म्हणाले.

"मग उपाशी झोपा."

त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

पुढचे आठ दिवस मालक घराबाहेर पडले नाहीत. कुणीही भेटलं की "अरे, तुमी जित्ते हाव का!" म्हणून पाया पडायचं. रोज चारला ओसरीवर माझ्या हातचा चहा. हेच तर मला हवं होतं! पण ते कपाकडे बघत नव्हते, रस्त्यापलीकडे बघत होते. नवव्या दिवशी मीच म्हणाले, "उठा. चला तिकडं."

सुमनने दार उघडलं. तिला सगळं कळलं असणार, पण बोलेल तर ती सुमन कसली? "अक्का," ती म्हणाली, "आज तुमी मधी बसा."

बसले. किरणने गाणं लावलं. आधी काही नाही. मग डाव्या कानामागून गिटार निघाली, डोक्यावरून गेली आणि उजव्या कानापाशी येऊन बसली. समोर तो गाणारा, पाठीशी त्या दोन बाया. नुसता हात लांब करून धरता आल्या असत्या. माझ्या अंगावर काटा आला. हे मी इथे लिहिते आहे. सुमनला सांगणार नाही.

"कसं वाटलं, अक्का?"

"बरं हाय," मी म्हणाले. आणि घरी येताना मालकांना हिशेब समजावून सांगितला. सुमनच्या पाच स्पीकरांनी इतक्या दिवसांत एक म्हातारा ओढला. माझ्या पाच भोंग्यांनी पंधरा मिनिटांत अर्धं धारूर आणलं, आणि तेही भाकरीसकट!