रोटाची समान वाटणी

समान वाटणी हा भाग मी आजवर इतक्या वेळा शिकवलाय की झोपेतही शिकवू शकतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तसाच शिकवतो. चिंचोके घ्यायचे, दोन ढीग करायचे, पोरांनी एका सुरात 'समान' म्हणायचं, झालं. पण त्या दिवशी माझ्यात आदर्श शिक्षक संचारला होता. आमच्या ग्रुपवर कुणीतरी सफरचंद कापून दुसरीला हाच भाग शिकवल्याचा व्हिडिओ टाकला होता आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मला आजवर एकही अंगठा मिळालेला नाही.

श्रावण होता. आदल्या दिवशीच आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन झालेलं, जागरणाने निम्मा वर्ग पेंगत होता. मी धुळ्याला राहतो आणि साक्रीकडच्या या शाळेत मोटरसायकलने येतो. थोरल्या भावाच्या गावाचा फाटा मधेच लागतो. आमच्या घरची कानबाई त्याच्याकडे बसते. फाट्यावर मी रोज गाडीचा वेग वाढवतो. यंदाही गेलो नाही. प्रशिक्षण आहे, असं फोनवर कळवून टाकलं. प्रशिक्षण वगैरे काही नव्हतं.

भांडण झालेलं नाही. झालं असतं तर सांगायला निदान एक कारण तरी असतं. एका वर्षी कंटाळा केला, पुढच्या वर्षी त्या कंटाळ्याची लाज वाटली, आणि मग लाजेपायी जाईनासाच झालो. त्या घरात आपल्याला अजून धरतात की नाही, हे विचारायची छाती होत नव्हती. वर्गात मात्र आवाज भरदार.

तर सफरचंद कुठून आणणार? पहिल्या रांगेतल्या एका मुलीपाशी डबा दिसला. शाळेत खिचडी मिळते, डबा सहसा कुणी आणत नाही. झाकण उघडलं तर आत एक जाडजूड, छान गोल पोळी. मला व्हिडिओच दिसायला लागला.

"वा! आज आपण खऱ्या पोळीची वाटणी करू."

मुलीने डबा पोटाशी धरला. "नही सर."

"असं नाही करायचं. वाटून खाणाऱ्याला काय म्हणतात?"

"शहाणं बाळ!" वर्ग ओरडला. हे मीच पाठ करून घेतलेलं.

शहाण्या बाळाच्या हातून मी पोळी काढून घेतली, सगळ्यांना दाखवली, मधोमध मोडली. अर्धी तिला, अर्धी शेजारणीला. "आता दोघींना कसं मिळालं?"

'समान' कुणी म्हणेना. शेजारीण तो तुकडा तळहातावर सुरवंट बसल्यासारखा धरून होती. मग तिने तो हळूच डब्यात परत ठेवला आणि मैत्रिणीच्या कानात, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ठेव माय. सरले काही समजस नही. रोट शे ना तो."

रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ गहू घालून त्या पिठाचे कानबाईसाठी केलेले. ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, आणि ते संपेपर्यंत दुसरं अन्न तोंडात घालायचं नाही. म्हणून तर पोर खिचडी सोडून डबा घेऊन आलेली. लहानपणी श्रावणात आठ-आठ दिवस हेच खाल्लेल्या माणसाला रोट ओळखू आला नव्हता. पुण्याहून बदलून आलेला असतो तर एक वेळ खपलं असतं.

मुलगी रडत नव्हती. दोन्ही तुकडे कडेला कड लावून जोडून बघत होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून वर्गाने पहिल्यांदाच ऐकलं असावं. पेंगणारेही जागे झाले. आता कशीबशी लाज राखायची म्हणून मी गणिताचा आधार घेतला. "बरं, तुमच्या घरच्या किती मुठी, सांग बघू."

तिचा चेहरा खुलला. एकेक बोट दुमडत ती सांगू लागली. "आबानी, बापनी, मना भाऊनी... आन सुरतवाला काकानी."

"काका आले होते का?"

"नही. तो कव्हयच येस नही."

"मग त्याची मूठ कशाला?"

दोनचा पाढा विसरलेल्या मुलाकडे मी बघतो तसं तिने माझ्याकडे बघितलं. "येस नही म्हनीसन काय तो घरना नही का?" आणि मग, अगदी सहज, "सर, तुमनी मूठ कोन टाकस?"

"पुढचं पान उघडा," मी म्हणालो. अडचणीच्या प्रश्नांवर माझी ही जुनी अध्यापन पद्धती आहे.

मधल्या सुट्टीत खिचडीची थाळी समोर आली, पण घास उचलेना. शेवटी शाळेमागे जाऊन भावाला फोन लावला.

"काय, सरनं का तुनं प्रशिक्षण?" संपलं का, हेच त्याने आधी विचारलं.

"भाऊ, एक इचारनं व्हतं. यंदा मनी मूठ टाकी का?"

 

"टाकी ना. दरसाल टाकस."

"मंग मना वाटाना रोट..."

"कोन खाई? मीच! ते सरतस नही तवलोंग घरमा भाकर मियस नही. तुनी वहिनी म्हनस, धाकल्याना वाटा तुम्हीच खा. तुना वाटा खाई-खाई मनी शुगर वाढी गयी, आन साहेब तिकडे प्रशिक्षण करी ऱ्हायनात!"

मी हसलो. तसा आवाज तरी हसण्यासारखाच आला असावा.

"अजून शिल्लक शेत का रोट?"

"शेत. पार कोल्ला, कडक व्हई गयात. येवानं व्हई तं ये, नहीतं संध्याकायले मी बसस खावाले."

खिचडीची थाळी मी तशीच परत दिली. वर्गाच्या दारातून ती मुलगी बघत होती. मी का जेवलो नाही, हे तिने विचारलं नाही.

शाळा सुटली. फाटा आला. तिथे वेग वाढवायची हाताला इतकी सवय झालेली की मी बराच पुढे निघून गेलो. मग गाडी वळवली.