छावणीतला नंदी

तमाम सभासद, भाविक आणि जनावरांचे मालक यांना अत्यंत जबाबदारीने कळवतो की, दुष्काळाच्या साली महादेवाचा नंदी आमच्या चारा छावणीत प्रकट झाला होता. मी स्वतः हजर होतो आणि माझ्या पोटात प्रसादाचे दोन पेले होते.

छावणी आमच्या सहकारी सोसायटीची, परळीकडच्या एका पडीक माळावर. माणसं जनावरांसोबत तिथंच राहायची आणि जनावराला रोज उसाची एक पेंढी मिळायची. महाशिवरात्रीला एक महाराज आले, दगडाची पिंड मांडून बसले आणि भांग घोटू लागले. दूध कुठलं? सोसायटीच्या चेअरमननी डेअरीची पावडर पाठवली. प्यायच्या पाण्याला बायकांची रांग होती. भांगेच्या घोट्यासाठी मात्र टँकर थेट पिंडीपाशी लागला. नशा म्हणायचं नाही, प्रसाद म्हणायचं. प्रसाद नाकारला तर पाऊस रुसतो, असं महाराजांचं शास्त्र होतं. आम्ही पावसासाठी जिवाचं रान करून प्यालो.

गाळून उरलेला चोथा महाराजांच्या चेल्यानं शेजारच्या गव्हाणीत ओतला. ती चेअरमनच्या बैलाची. दुष्काळात हिरवं ते हिरवं. बैलानं गव्हाण चाटूनपुसून साफ केली. थोड्या वेळानं तो झुलायला लागला, मग पुढचे दोन्ही गुडघे टेकून पिंडीकडं तोंड करून बसला, तो उठेचना. महाराज म्हणाले, नंदी आला. चेअरमनचे डोळे भरून आले. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि देवानं उमेदवार निवडला होता.

मग जो तो आपल्या जनावरापुढची पेंढी उचलून नंदीपुढं ठेवू लागला. बैल गुंगीत, त्यानं एक कांडंही खाल्लं नाही. ढीग वाढत गेला.

माझ्या आत्याची म्हैस त्या बैलाच्याच दावणीला होती. गाभण, दिवस भरत आलेले. चालताना पोट एकीकडं आणि पाय दुसरीकडं जायचे. ती धड व्याली तर दुधावर घर चालणार, नाहीतर आत्याला पुन्हा कोयता घेऊन ऊस तोडायला जावं लागणार. आत्याचे यजमान प्रसादात माझ्यापुढं होते. त्यांनी म्हशीच्या तोंडातली पेंढी ओढली आणि डोळे मिटून नंदीला वाहिली.

आत्या पाण्याच्या रांगेतून परत आली तर गव्हाण रिकामी. काय झालं ते मीच तिला हसतहसत सांगितलं, अगदी चोथ्यासकट. ती हसली नाही. सरळ ढिगाकडं गेली आणि आपली पेंढी उचलली. चेअरमन आडवे आले.

"ठिव खाली. देवाच्या तोंडचा घास हाय तो."

आत्यानं पेंढी खाली ठेवली. म्हशीकडं एकदा बघितलं आणि महाराजांपुढं रिकामं घमेलं धरलं.

"महाराज, चोथा उरला आसंल तर माझ्या म्हशीलाबी घाला. तिच्यातबी देव येऊ द्या, म्हंजी तिला चारा मिळंल."