शनिवारचे डबे

माझं पहिलं पत्रक आमच्या इमारतीतल्या पुष्कळांच्या अजून लक्षात आहे. कुणी भेटलं की म्हणतं, तेव्हाच कळलं होतं, हा पोरगा लिहिणार. मी हसतो. त्या हसण्याखाली काय आहे हे आजवर कुणापाशी उघड केलेलं नाही. आईपाशी नाही, वडिलांपाशी नाही, ज्यांच्याबरोबर भिंती रंगवल्या त्या मित्रांपाशीही नाही. तुमच्यापाशी का करतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

वडिलांपासून सुरू करतो. नाही, ती पळवाट झाली. डब्यांपासून करतो.

नव्वदीतलं तुळिंज. टँकरचं पाणी, अर्धवट रंगवलेल्या इमारती, कोकणातून, साताऱ्याहून, गिरणगावातून आलेली माणसं. आमच्या इमारतीत एक रीत होती, तळमजल्यावरच्या मावशींनी सुरू केलेली. त्या मूळच्या आगाशीच्या. त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. प्रत्येक घरात एक पत्र्याचा डबा. रोज भात टाकताना बाईने तांदळाची एक मूठ त्या डब्यात टाकायची. शनिवारी सकाळी सगळ्या घरांचे डबे मावशींच्या खोलीत जायचे. त्या दार लावून घ्यायच्या. संध्याकाळी प्रत्येक डबा, तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून, आपापल्या घरी परत यायचा.

बहुतेक डबे रिकामे यायचे. काही भरून यायचे.

कुठले भरून येतात, ते फक्त मावशींना ठाऊक. म्हणून तर डबा सगळ्यांकडून जायचा आणि सगळ्यांकडे परत यायचा. ज्यांना तांदूळ लागायचा तीही घरं रोज मूठ टाकायची. आणि डबे पोचवायला मावशी कुणाची मदत घेत नसत. गुडघे धरून सगळे जिने स्वतः चढायच्या. आम्ही पोरं म्हणायचो, मावशी, द्या की, आम्ही नेतो. "नको रे. तुमी पोरं, डबा हलवून बगाल." खरंच होतं ते. आम्ही हलवूनच बघितला असता.

त्यांची एक सवय होती. जिन्यात कुठलंही पोर दिसलं की विचारायच्या, "जेवलास का रे?" आपण हो म्हणायचं आणि पळायचं. उत्तरासाठी त्या थांबतही नसत.

आता वडील. ते सातिवलीच्या एका कारखान्यात होते, युनियनचं काम करायचे. घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकलो ती त्यांवर. 'भीक नको, हक्क हवा' — हे मी 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचलंय. जेवताना वडील मला वाक्यं दुरुस्त करायला लावायचे. कुठला शब्द लागतो, कुठला नुसता आवाज करतो. हे त्यांनी शिकवलं आणि नीट शिकवलं.

मी कॉलेजला गेलो त्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. वडील रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन फाटकावर बसायला जायचे. "उघडेल. त्यांना उघडावंच लागेल." आई मान हलवायची. घरात चहा काळा झाला, मग भाजी दिसेनाशी झाली. भात मात्र होता. भात कसा होता, हा प्रश्न मला पडला नाही. — पडला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पडला होता. विचारला नाही.

एका दुपारी ताप आला म्हणून लवकर घरी आलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आई खिडकीजवळ सूप घेऊन बसली होती, पाठमोरी. मला वाटलं तांदूळ निवडतेय, म्हणून मी सहज विचारलं, "खडे फार आहेत का गं?"

ती दचकली. "हो. खडेच खडे."

पण सुपात खडे नव्हते. तीन ढीग होते. एक बारीक कोलमचा, एक रेशनच्या जाड्या तांदळाचा, आणि एक छोटा, लालसर, उकड्या तांदळाचा. ती एकेक लाल दाणा नखाने उचलून बाजूला करत होती.

आमच्या घरी उकडा कधीच येत नसे. वडील साताऱ्याचे, त्यांना त्याचा वाससुद्धा चालत नसे. उकडा खायची ती कोकणातली घरं. एकाच सुपात तिन्ही तांदूळ कसे आले असतील? एकाच रस्त्याने — अनेक घरांच्या मुठींतून. भातात लाल शीत सापडलं असतं, तर वडिलांनी हात थांबवून विचारलं असतं, हे कुठलं? म्हणून ती दुपारभर दाणे वेगळे करत बसायची. मग कोलम एक दिवस, जाडा एक दिवस. आणि उकडा? तो ती स्वतः खायची. आमची जेवणं झाल्यावर.

मी चादर घेऊन पडलो. तिलाही वाटलं असेल, तापात याला काय कळणार.

तुम्ही म्हणाल, तू आईच्या कुशीत शिरला असशील, निदान मनातल्या मनात. नाही. मला राग आला. आईचा नाही, कारखान्याच्या मालकाचाही नाही. मावशींचा. त्यांना माहीत होतं, याचा. जिन्यात त्या मला आता पूर्वीसारखंच विचारायच्या, "जेवलास का रे?" — आणि मी जेवलेला असायचो. त्यांच्याच डब्यातलं. तो प्रश्न त्या सगळ्यांना विचारत होत्या, हे मला कळत होतं. तरी मी जिन्यात त्यांची चाहूल लागली की गच्चीवर जाऊन उभा राहायचो.

आणि मग मी पत्रक लिहिलं.

मथळा होता, 'झाकलेल्या डब्यात काय?' चांगला मथळा होता. पुढे लिहिलं होतं की भूक ही लाज नाही, मग ती लुगड्याच्या तुकड्याखाली का झाकायची? जी भूक रस्त्यावर यायला हवी, तिला आपण शनिवारच्या डब्यात गप्प बसवतो. हे मी आजही मानतो, आणि हीच तर अडचण आहे. त्या पत्रकातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त शेवटचं सोडून. शेवटी मी लिहिलं होतं, 'तांदूळ गरजूंपर्यंत पोचतो, की वाटेतच एखाद्या घरात जिरतो, हे पाहिलंय कुणी?'

कुठल्या घरात, हे लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. वाटेत एकच घर होतं.

मला माहीत होतं की त्या एक दाणाही ठेवत नाहीत. पुरावा आमच्या सुपात होता. तरी ते वाक्य लिहिलं. खोडलं नाही. त्यातला 'जिरतो' हा शब्द मिळाल्यावर मला आनंद झाला होता — हे सांगायलाच हवं. खाली स्वतःचं नाव घातलं, झेरॉक्स काढल्या आणि घराघरांत दाराखालून सरकवल्या. आमच्याही घरात. वडिलांनी ते उभ्यानेच वाचलं, परत वाचलं आणि खिशातलं पेन काढून मला दिलं. त्यांचं आवडतं पेन होतं ते.

रविवारी सकाळी इमारतीची सभा भरली, खाली आवारात, टाकीजवळ. विषय गणपतीचा मांडव होता, पण बोलणं डब्यांवरच आलं. मंडळाचे सेक्रेटरी पेडणेकर, गंमत करायची संधी न सोडणारा माणूस.

"मावशी, पत्रक वाचलंत की नाही? आता आमचं पण नाव छापून येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातलाय."

लोक हसले. मावशी सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय दिसत नाय रे. काय लिवलंय ते तूच सांग."

पेडणेकरांनी पत्रक वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्यापर्यंत. मग कोणी हसलं नाही.

मागून एक बाई म्हणाली, "तरीच मी म्हणते, यांच्याकडे बघावं तेव्हा तांदळाची घावनं!" दुसरी म्हणाली, "गप गं." पण ती हसत म्हणाली.

मी उभा राहिलो. बोललो, चांगलं बोललो. आणि शेवटी म्हणालो, "मावशी, तुमच्यावर कुणाचा संशय राहू नये असं वाटत असेल, तर साधा उपाय आहे. नावं सांगा. कुणाकुणाकडे डबा भरून जातो, ते इथे, सगळ्यांसमोर सांगा."

इथपर्यंत आलोय, तर पुढचंही सांगतो. लोक याला धाडस म्हणाले. एकोणीस वर्षांचा पोरगा भर सभेत उभा राहतो म्हणून. पण मी आधी हिशोब करून ठेवला होता. त्या नाव सांगणार नाहीत, याची मला पक्की खात्री होती. त्यांना तसं वाटलं असतं तर एका शब्दात मला खाली बसवता आलं असतं: अरे, तुझ्याच घरी. एवढंच. आई समोर, वडील समोर, सगळी इमारत समोर. त्या ते म्हणणार नाहीत, हे ठाऊक होतं म्हणून मी विचारलं. त्यांच्या चांगुलपणावर माझा विश्वास होता. त्या सभेत तो सगळ्यात जास्त माझाच असेल. आणि त्याच विश्वासावर उभा राहून मी त्यांना चोर ठरवलं.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. चष्मा नसताना माणूस लांबचं बघतो तसं. मग म्हणाल्या, "नाव मी कोनाचं घेनार नाय. डबे नको असतील तर बंद करा."

"म्हणजे काहीतरी आहे," कुणीतरी म्हणालं.

आणि वडील उठले. "पोरगा बरोबर बोलतोय. हिशोब मागणं म्हणजे आरोप नव्हे. ज्याचं काम स्वच्छ आहे त्याला भीती कसली?" फाटकावर बसून बसून ते आदल्या काही महिन्यांत वाळले होते, पण त्या दिवशी ताठ उभे होते. शनिवारी रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला होता.

पेडणेकरांनी हात वर करायला सांगितले. डबे बंद व्हावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी. हात वर झाले. वडिलांचा. माझा. मी मागे वळून बायकांकडे पाहिलं — का पाहिलं? — आईचाही हात वर होता. पदर डोक्यावर, नजर खाली, आणि हात वर. सगळ्यांचे खाली आल्यावरही जरा वेळ वरच राहिला.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "ओरडून घसा बसला असेल. पाणी पी."

मी प्यायलो.

पुढचं फारसं काही नाही. डबे थांबले. आई टिकल्यांची पाकिटं भरायचं काम घरी आणू लागली. दुपारी सुपात तांदळाऐवजी टिकल्या असायच्या. काही दिवस आम्ही संध्याकाळी चहा-पावावर भागवलं. वडील म्हणायचे, लढ्यात असं होतंच. कारखाना उघडला नाही. त्यांना नंतर दुसरीकडे रखवालदारी मिळाली.

पण आमचं सोडा. आणखी कुठली घरं होती? ते मला आजही माहीत नाही. पुढच्या महिन्यांत तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब खोली सोडून गावी गेलं. एक म्हातारे गृहस्थ सकाळचे पायऱ्यांवर बसायचे, ते दिसेनासे झाले. यांचा डब्यांशी संबंध होता का? असेल. नसेल. ज्या एका बाईला माहीत होतं, तिला विचारायचा हक्क मी घालवला होता. मावशींकडे हळदीकुंकवाला बायका जाईनाशा झाल्या. गणपतीच्या वर्गणीला त्यांना कुणी बरोबर घेतलं नाही. वर्षभराने मावशी आणि त्यांचे यजमान खोली विकून आगाशीला, मावशींच्या भावाच्या वाडीवर राहायला गेले. सामान टेंपोत चढवायला मी मदत केली. एका गोणीत ते लुगड्याचे तुकडे होते, धुऊन, घडी घालून.

बऱ्याच वर्षांनी, तोपर्यंत माझं लिखाण छापून येऊ लागलं होतं, एका मासिकासाठी आगाशीच्या केळीच्या वाड्यांवर लिहायला गेलो. मुद्दाम त्यांच्याकडे गेलो नाही. वाटेत घर लागलं. मावशी अंगणात सुकेळी वाळत घालत होत्या. केळ्याची ती सालं काढलेली, उन्हात मधासारखी झालेली फळं त्या एकेक उलटी करत होत्या. आवाजावरून ओळखलं मला. आईची विचारपूस केली. वडिलांची केली. पत्रकाचा विषय नाही. मी मनात सगळं जुळवत होतो. माफीचं पहिलं वाक्य तयार होतं.

"जेवलास का रे?" त्यांनी विचारलं.

मी जेवलो नव्हतो. "हो," म्हणालो. आणि बसस्टॉपकडे निघालो.

लेख छापून आला. त्यात सुकेळी होती, मावशी नव्हत्या. आता त्या नाहीत.

आई आहे. आम्ही अजून तुळिंजलाच राहतो, तांदूळ आता आम्हीच आणतो, कोलम. आई सकाळी भात टाकताना एक मूठ त्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकते. शनिवारी संध्याकाळी तो डबा ती आपल्याच तांदळाच्या पिंपात रिकामा करते. रविवारपासून परत. मी ते बघतो. तिला माहीत आहे मी बघतो. मग पान वाढलं जातं, आणि मी जेवतो.