अण्णांच्या गाडीचा काटा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. नवरा एवढंच म्हणाला, "झोपेतच गेले... तू ये." आता महिना होऊन गेला.

अण्णा माझे सासरे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, मी साताऱ्याहून आलेली. त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी मला सुरुवातीला निम्मंच कळायचं आणि माझं भरभर बोलणं त्यांना. त्यामुळे आम्ही एकमेकांशी बेतानंच बोलायचो. एकदा कृष्णराजनगरच्या रस्त्यावर त्यांच्या जुन्या गाडीतलं पेट्रोल संपलं. काटा अर्ध्यावरच अडकलेला, त्यामुळे कळलंच नाही. सासूबाई भर उन्हात बसून राहिल्या. नवरा म्हणाला, "विकून टाकू आता." अण्णांनी गाडी बाहेर काढणंच सोडलं. मग एका रविवारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. हातात टाकीत बसवायचा नवा सेंडर होता, दांडीच्या टोकाला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असलेला; पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा. "माझे हात थरथरतात गं," ते म्हणाले. "तू करशील काय?"

मी डिकीतल्या टाकीवर ओणवी झाले, ते शेजारी उभं राहून सांगत गेले. जुना सेंडर काढला, नवा बसवला, काट्याकडून आलेली वायर त्याला जोडली. अण्णांनी पुढे जाऊन किल्ली फिरवली... काटा ढिम्म. ते परत आले, टाकीवर वाकून बराच वेळ बघत राहिले. "अर्थिंग मिळत नाही त्याला. रंग आड येतोय." मग म्हणाले, "हात धड होते तेव्हा मीच दिलेला हा रंग." मी पान्हा खाली ठेवला. त्यांनी टाकीवरून एकदा बोट फिरवलं. "इरली... असू दे. खरवड."

मी स्क्रूभोवतीचा रंग खरवडला, तिथून गाडीच्या पत्र्याला आणखी एक वायर जोडली. या वेळी काटा सावकाश वर चढला. "आयतु," पुढून त्यांचा आवाज आला. "झालं गं, झालं."

विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडी मी चालवू लागले, अण्णा शेजारी बसून गिअर कधी टाकायचा ते सांगायचे. परत आलो की इंजिन बंद केल्यावर मला पुन्हा एकदा किल्ली फिरवायला लावायचे आणि काटा वर येऊन स्थिर होईपर्यंत बघत राहायचे. मगच उतरायचे.

अस्थी घेऊन टी. नरसीपूरच्या संगमावर गेलो, तेही याच गाडीतून. संध्याकाळी परत आल्यावर नवरा उतरून घरात गेला. मी किल्ली पुन्हा फिरवली. काटा हळूहळू चढत पाव टाकीच्या जरा पुढे थांबला... मग मी उतरले.