शकुंतलाताईंनी भरलेलं अंगण

शकुंतलाताईंची आणि माझी पहिली भेट झरी गावात झाली, तीही माझे डोळे बांधलेले असताना. दृष्टिहीन लहानग्यांना घरोघरी जाऊन शिकवायच्या कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ताई आधी डोळ्यांवर उपरणं बांधून पिठलं-भाकरी खायला बसवत. बँकेतून निवृत्त झालेला मी साहेब मनगटापर्यंत पिठल्यात बुडालो. ताई हसल्या नाहीत. लेकरांवर ओरडायच्या आधी हे आठवा, एवढंच म्हणाल्या.

ताई बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. हट्टी म्हणाव्यात तर त्यांचा अपमान होईल, इतक्या हट्टी. माझी पत्नी दवाखान्यात असताना त्यांच्या घरून रोज डबा येई आणि सोबत 'कामावर कधी येताय' हा निरोपही.

राणीसावरगावची गोदा चार वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार होते. गोदाला आजोबांजवळ ठेवावं, तर ती कडेवरून उतरेना आणि आजोबांची कंबर गेलेली. सोबत न्यावं, तर तोडणी चालू असेस्तोवर तिला खोपीत बांधून ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

पोरीला ठेच लागू नये म्हणून घरच्यांनी मायेपोटी बाज, जातं, रांजण सगळं मागच्या दारी नेऊन अंगण मोकळं केलं होतं. हाताला काहीच लागेना, म्हणून गोदा बसल्या जागची हलत नव्हती. ताईंनी पदर खोचला आणि एकेक वस्तू परत जागेवर मांडून घेतली.

"लेकराला लागंल की, ताई," आई रडकुंडीला आली.

"लागू द्या. पण यातलं काही हलवलंत, तर माझ्याशी गाठ आहे."

एका वस्तूपासून दुसरीपर्यंत चाचपत चालायला शिकताना गोदा पडली. कपाळाला टेंगूळ आलं. आजोबा ताईंना नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा दारात हजर. टेंगळावर हळद लावली आणि बाजेपासून परत सुरुवात केली. दिवाळी होईस्तोवर त्यांनी ती वाट सोडली नाही.

निघायच्या सकाळी ताई आणि मी पोचलो, तेव्हा मुकादमाचा ट्रक वेशीवर उभा होता. काय करावं हे आईचं अजून ठरत नव्हतं. तिने सवयीने गोदाला उचलायला हात घातला. पोरीने तो सोडवला. बाज, जातं असं चाचपत ती रांजणापाशी गेली, तांब्या भरला आणि आजोबांच्या हातात नेऊन दिला. मग आईच्या आवाजाकडे वळली.

"तू जा. मी हाय आज्यापाशी."

गोदाला न घेताच आई बापामागोमाग ट्रकमध्ये चढली. ताईंना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पंचाहत्तरी झाली, आता जरा बसा, असं ताईंना सांगायची आमच्यात कुणाची छाती नाही. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं कोण ऐकतं! येलदरीजवळच्या एका वस्तीवर त्यांनी सोमवारी यायचा शब्द देऊन ठेवला आहे. ताई, तुम्हाला निरोगी शतायुष्य लाभो. हे आम्ही रीत म्हणून मागत नाही. त्या वस्तीवरचं लेकरू अजून आईच्या कडेवरच आहे.